चौकटीची आतली बाजू

अप्पा, सीझन संपला. तुमची पिवळी गाडी शेवटच्या शर्यतीत नववी आली. वर्षभर चौदावी, सतरावी, एकविसावी येत राहिली, तुम्ही टीव्हीकडे पाठ फिरवून बसायचात, आणि तुम्ही गेल्यावर बयेला पळायची बुद्धी झाली. तुम्ही असतात तर नवव्या नंबरचे पेढे वाटले असतेत आणि वर मलाच ऐकवलं असतंत की, बघ, धीर धरावा लागतो.

तुम्हाला जाऊन चोवीस दिवस झाले. लोक येऊन गेले, जेवणाचे डबे येऊन गेले, आता ओट्यावर कोणाकोणाचे रिकामे डबे पडलेत आणि कुठला कोणाचा ते मला सांगता येत नाही. प्रत्येकाने तुमच्याबद्दल चांगलंच सांगितलं. ते मी इथे पुन्हा लिहीत नाही, तुम्हाला तोंडावर केलेली स्तुती आवडायची नाही आणि पाठीमागे केलेली तर त्याहून नाही. मला तुमच्याशी एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. नऊ महिने ती माझ्या घशात अडकलेली होती. फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी गाडी मी ठोकली होती, अप्पा. तुम्ही नाही.

पण मी नेहमीसारखी शेवटाला आधी हात घालते आहे. जरा मागे जाते.

आई गेल्यावर तुम्ही आधी वर्षभर मेलबर्नला तुमच्या लेकीकडे, ताईंकडे राहिलात आणि मग इकडे अमेरिकेत, रेडमंडला, तुमच्या मुलाकडे, समीरकडे आणि माझ्याकडे आलात. येताना दोन बॅगा, एक बाम आणि हे शर्यतींचं वेड घेऊन आलात. मला वाटलं, म्हातारपणी हे काय भलतंच. त्या पेन्सिलीसारख्या लांबट गाड्या समीर कधीतरी बघायचा, मला त्यात कधी राम वाटला नाही. तुम्ही म्हणालात, "त्या वेगळ्या. या बघ. यांना दारं आहेत, बंपर आहेत, चालक आपल्यासारखा उजव्या बाजूला बसतो. आणि एकमेकांना धक्के मारतात. संसारी गाड्या आहेत या."

मिरजेच्या बसडेपोत तुम्ही छत्तीस वर्षं काढलीत. अपघात होऊन आलेली प्रत्येक लाल बस आधी तुमच्यासमोर उभी राहायची. कोणी कोणाला ठोकलं, कोण वळत होतं, कोण थांबलेलं होतं, हे तुम्ही पत्र्यावरून सांगायचात. तीच सवय तुम्ही सोफ्यावर बसून चालवलीत. ऑस्ट्रेलियातली रविवार दुपारची शर्यत आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी दिसायची. मी भाजी निवडत बसायचे आणि तुम्ही पंचांच्या आधी निकाल द्यायचात. "दारावरची रेघ बघ, मागून पुढे गेलीय. म्हणजे हा मागून आत घुसला. चूक याची." दहा मिनिटांनी पंच तेच म्हणायचे आणि तुम्ही चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघायचात.

आणि तुमचा तो लाडका नियम. दुसऱ्याला धक्का देऊन पुढे गेलास तर आपण होऊन वेग कमी करायचा, त्याला पुढे जाऊ द्यायचं, घेतलेली जागा परत करायची. पंचांनी सांगायच्या आधी केलंस तर बहुतेक वेळा शिक्षा होत नाही. हा नियम तुम्ही मला पहिल्या महिन्यातच शिकवलात. "एवढ्या वेगात असताना माणूस थांबून जागा परत देतो, मृणाल. आपल्या डेपोत साहेब लोक उभ्या जागी देत नव्हते."

आपलं भांडण मात्र त्या गाड्यांवरून नव्हतं, माझ्या गाडीवरून होतं. तुम्ही गॅरेजमध्ये गाडी कायम उलटी घालायचात, तोंड बाहेर. मी तोंड आत करून घुसवायचे आणि सकाळी घाईघाईने रिव्हर्स घेत बाहेर काढायचे. "डेपोत गाडी तोंड बाहेर करूनच उभी राहते. सकाळी माणूस झोपेत असतो, तेव्हा पुढे बघून निघावं," तुम्ही म्हणायचात. मी म्हणायचे, "अप्पा, हा डेपो नाही." सहा वर्षं हेच. तुम्ही सत्तराव्या वर्षी इथली ड्रायव्हिंग टेस्ट पहिल्या फटक्यात पास झालात आणि मी तिशीत असताना दुसऱ्या खेपेला, हेही तुम्ही दर दोन महिन्यांनी कोणा ना कोणा पाहुण्यापुढे काढायचात. त्यामुळे उलटी गाडी लावायला तुमच्याकडून शिकणं माझ्या अगदी जिवावर यायचं.

जानेवारीत इरा एकदा शाळेतून हसत घरी आली. "ममा, आजोबांनी ना स्टॉप साइन टोटली मिस केला! एक ट्रक असा हॉर्न मारत गेला!" ती हसत होती. पंधरा वर्षांच्या पोरीला ट्रक विनोदी वाटतो. मी त्या दिवसापासून झोपले नाही. तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता. समीरला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, एकदा होतं कोणाचंही. त्यांच्याकडून गाडी काढून घेतली तर त्यांचं काय राहील इथे? रेडमंडमध्ये विदाऊट कार माणूस काय करणार?" बरोबरच होतं त्याचं. म्हणून मी गप्प बसले आणि मनातल्या मनात कारण शोधत राहिले. हे मी आज कबूल करते. मी कारण शोधत होते.

मग तो मंगळवार. मला नऊची मीटिंग होती, निघायला उशीर झाला होता. रिव्हर्स टाकला आणि कडकन आवाज आला. मागच्या बंपरचा कोपरा गॅरेजच्या दाराच्या चौकटीला लागला. उतरून बघायलाही वेळ नव्हता, तशीच गेले. तीनला घरी आले तेव्हा त्या चौकटीजवळ जायची हिंमत झाली नाही, गाडी बाहेरच ड्राइव्हवेवर लावली. चारला तुम्ही ती घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेलात. काही घ्यायचं नसायचं तुम्हाला तिथे, नुसतं पाने आणि नटबोल्टच्या कपाटांमधून फिरून यायचात, जसे बाकीचे लोक देवळात जातात. परत आलात आणि नेहमीप्रमाणे गाडी उलटी आत घातलीत, तोंड बाहेर.

साडेसहाला समीर आला तो गॅरेजमधूनच ओरडत आला. "अप्पा! हे काय केलंत? चौकट फोडली, बंपर गेला! मागे इरा उभी असती तर? अप्पा, पुरे आता. उद्या तुमच्यामुळे कोणी मेलं तर मी काय तोंड दाखवू?"

मी लसूण सोलत होते. मला अजून ती पाकळी आठवते, अर्धी सोललेली. तोंड उघडलं होतं मी, अप्पा, शपथेवर सांगते. पण त्याच क्षणी मला तो ट्रक दिसला, हॉर्न मारत गेलेला. आणि वाटलं, हेच ते कारण. आयतं चालून आलंय. मी मूग गिळून बसले.

तुम्ही उठलात. ड्रॉवरमधली टॉर्च घेऊन गॅरेजमध्ये गेलात, चारपाच मिनिटांनी आलात. टॉर्च जागेवर ठेवलीत, चष्मा पुसलात. "झालं असेल माझ्याच हातून," म्हणालात. "वय झालं." आणि खिशातली चावी काढून टेबलावर, माझ्या लसणाच्या सालांशेजारी ठेवलीत.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी सीझन सुरू झाला. मला वाटलं होतं, तुम्ही खाली येणार नाही. आलात. सोफ्याच्या त्याच कोपऱ्यात बसलात. पहिल्याच शर्यतीत पिवळीला कोणीतरी ढकललं आणि तुम्ही म्हणालात, "दिली का जागा परत? नाही ना? बघू, अजून एक फेरी आहे त्याच्याकडे." माझे कान तापले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

तो सगळा सीझन तसाच गेला. इथे उन्हाळा आणि तिथे हिवाळा, डार्विनची शर्यत झाली, टाउन्सव्हिलची झाली, आणि मी दर वेळी ठरवायचे की आज सांगते. तुम्ही छत्री घेऊन बसस्टॉपवर जायचात. एकदा दीड तास उभे राहिलात, बस रद्द झाली होती आणि ते फोनमध्ये कुठे बघायचं ते तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. हार्डवेअरच्या दुकानात जायचं तर तुम्ही म्हणायचात, "कोणी त्या बाजूला जाणार असेल तर." जन्मात कोणाकडे काही न मागितलेला माणूस 'कोणी' म्हणायचा. घरात आम्ही तिघं, त्यात गाडी चालवणारे दोघं, आणि तरी तुमच्या वाक्यात नाव नसायचं. मी दुपारी तुम्हाला शोधत खाली आले तर तुम्ही कधीकधी गॅरेजमध्ये गाडीत बसलेले असायचात. ड्रायव्हरच्या सीटवर नाही, शेजारच्या. "इथे रेंज चांगली येते," म्हणायचात. रेंज सगळ्या घरात सारखीच येते, अप्पा.

ऑक्टोबरमधली ती डोंगरावरची मोठी शर्यत, हजार किलोमीटरची, आपला सण होती. मी तुमच्यासाठी साबुदाणा वडे करायचे आणि तुम्ही दुपारपासून घरात फेऱ्या मारायचात. या वर्षीही केले. समीर आणि इरा वरती होते. चढावरच्या एका वळणावर एका गाडीने दुसरीला कोपरा मारला, ती गोल फिरली. मारणारा पुढे निघून गेला, आणि मग सरळ रस्त्यावर त्याने वेग कमी केला. चार गाड्या त्याला मागे टाकून गेल्या, तरी तो रेंगाळत राहिला, ज्याला मारलं होतं तो पुढे जाईपर्यंत. तुम्ही टाळी वाजवलीत. "बघ, दिली. कोणी सांगायच्या आधी दिली."

माझ्या तोंडात आलं होतं. अगदी जिभेवर होतं. मी उठले आणि म्हणाले, "चहा टाकते."

"चहा नको," तुम्ही म्हणालात. "बस ना जरा."

मी चहा टाकायला गेले. ओट्यापाशी उभी राहून पाणी उकळू दिलं, पार आटू दिलं. परत आले तेव्हा तुम्ही टीव्हीकडे बघत होता आणि वडा तसाच बशीत होता. तो एक क्षण मला परत द्या, अप्पा, बाकी काही नको. पण असले हिशेब कोणी परत करत नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलमध्ये पहिला दिवस तुम्ही पूर्ण शुद्धीवर होता. नर्सला मिरजेच्या सतारी कशा बनतात ते सांगत होता. समीर कॉफी आणायला गेला, खोलीत आपण दोघंच. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "अप्पा, पाणी हवं का?" तुम्ही हो म्हणालात. मी पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय बरीच वर्षं थकलेलं होतं, कशाचाही संबंध लावू नका. मी लावते. बसस्टॉपवरचा तो दीड तास मी रोज लावते.

भेटायला आलेल्या एक मावशी समीरला म्हणाल्या, "तुम्ही वेळेत चावी काढून घेतलीत ते फार शहाणपणाचं केलंत. नाहीतर गाडी चालवताना झालं असतं तर?" समीरने मान हलवली. त्याचे डोळे सुजले होते. "तेवढं एक बरोबर केलं मी," तो म्हणाला. तेवढा एकच आधार होता त्याला, आणि तो मी दिलेला होता, खोटा.

परवाच्या शनिवारी नव्हे, त्याच्या आदल्या, सीझनची शेवटची शर्यत होती. समीर म्हणाला, "लावू या. अप्पांसाठी." आम्ही तिघं बसलो, तुमचा कोपरा मोकळा ठेवून. पिवळी अकरावी होती, मग दहावी. शेवटच्या दहा फेऱ्या राहिल्या होत्या. कोणी कोणाला धक्का दिला नव्हता, काही घडलं नव्हतं. मी बोलले. एका दमात, लसणाच्या पाकळीसकट सगळं.

समीरने आवाज बंद केला. पडद्यावर गाड्या मुक्या धावत होत्या.

"मी त्यांना काय बोललो होतो, आठवतंय तुला?" त्याने विचारलं.

"शब्दन्‌शब्द."

"मी त्यांना म्हणालो, तुमच्यामुळे कोणी मेलं तर." तो उठला आणि गॅरेजमध्ये गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग इरा म्हणाली, "ममा, आय नो."

"काय नो?"

"आजोबांनी मला नेक्स्ट डेच दाखवलं होतं. म्हणाले, चल, तुला ॲक्सिडेंट वाचायला शिकवतो. माझं बोट धरून चौकटीवर ठेवलं. लाकूड आतल्या बाजूने फुटलंय, सी? म्हणजे गाडी आतून बाहेर जात होती, रिव्हर्समध्ये. आजोबा तर रिव्हर्समध्ये आत येतात. त्यांनी मारलं असतं तर बाहेरून फुटलं असतं." ती रडायला लागली होती. "आय वॉन्टेड टू टेल डॅड. ते म्हणाले, नाही. आई देईल जागा परत. तिला वेळ दे."

छत्तीस वर्षं पत्रे वाचणाऱ्या माणसापुढे मी खोटं बोलले होते, आणि मला वाटत होतं की ते पचलं.

इराने आणखी एक सांगितलं. तुम्ही तिला म्हणाला होता की तो स्टॉप साइन तुम्हाला खरंच दिसला नव्हता, ट्रकसुद्धा आवाज आल्यावर दिसला. तुम्ही घाबरला होता. चावी कशी सोडावी ते तुम्हाला कळत नव्हतं, आणि मग ती चौकट फुटली. म्हणजे आपण दोघंही कारणच शोधत होतो, अप्पा, एकाच घरात, एकाच ट्रकला घाबरून. आपण एकमेकांशी बोललो असतो तर तुम्ही मान उंच ठेवून चावी दिली असती आणि समीर ते वाक्य बोलला नसता.

मला तुमचा रागही आला, तोही सांगते. नऊ महिने तुम्ही माझ्या शेजारी बसून तो नियम मला समजावत राहिलात. ती माया होती की शिक्षा? 'बस ना जरा' म्हणालात तेव्हा सरळ का नाही विचारलंत? एकदा नुसतं "मृणाल, आतली बाजू" म्हणाला असतात तर मी तिथेच कोसळले असते, पायाशी बसले असते. पण तुम्ही असं कधी कोणाला पकडलं नाहीत. डेपोतही, तुम्हीच सांगायचात, ड्रायव्हरला आधी स्वतः बोलू द्यायचात आणि मग पत्रा दाखवायचात. मी शेवटपर्यंत बोलले नाही, म्हणून तुम्ही पत्रा दाखवला नाहीत.

समीर त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलतो. मीठ दे. इराला कोण आणणार. मी त्याला समजू शकते. मी तुम्हाला गमावलं, त्याने तुम्हाला आणि त्याच्या त्या एका बरोबर केलेल्या गोष्टीला. हे कधी मिटेल, मिटेल की नाही, मला माहीत नाही. तुम्ही मध्ये असतात तर काहीतरी वात्रट बोलून दोघांना हसवलं असतंत. आता मध्ये कोणी नाही.

काल इराला विचारलं, आजोबा अजून काही म्हणाले होते का. "म्हणाले होते, आईने सांगितलं की तिला पनिशमेंट एकच. गाडी उलटी लावायला शिकायची."

आज सकाळी मी गाडी बाहेर काढली. पाऊस होता. इरा गॅरेजमध्ये मागे उभी राहिली आणि तुमच्यासारखा हात हलवत, तुमच्याच आवाजात ओरडू लागली, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्याऽऽ." पहिल्यांदा वाकडी गेली. दुसऱ्यांदा त्याहून वाकडी. तिसऱ्या खेपेला आरशात बघितलं तर समीर आला होता. फुटलेल्या चौकटीपाशी जाऊन उभा राहिला आणि तिच्या आतल्या बाजूवर त्याने हात ठेवला, माझ्याकडे न बघता.

त्याच्या हाताला लागू नये म्हणून मी फार हळू घेतली. चौथ्या खेपेला सरळ आत गेली, अप्पा. तोंड बाहेर आहे.